शेजारच्या सीटवरचा ब्रेक

४ नोव्हेंबर

बारके,

मागच्या दाराची किल्ली तू बरोबर घेऊन गेलीस. चुकून नेली असशील असं धरून चालते. तोवर आम्ही त्या दाराला खुर्ची टेकवून ठेवतो.

खरं तर मी पत्र लिहिणार नव्हते. पण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून नुसती गप्प बसतेस. म्हटलं, कागद असला तर निदान फाडायचे तरी कष्ट घेशील. हॉस्टेलचा पत्ता बाबांनी दिला. कुठून मिळाला विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत, इथेच कुठेतरी पडला होता." आपल्या घरात पत्ते पडलेले असतात, हे मला नवीनच.

तू आठवडाभरही थांबली नाहीस. मी टॅक्सीतून उतरले तेव्हा तुझी बॅग दिवाणखान्यात भरलेली होती. मला वाटलं, माझ्यासाठी खोली रिकामी करतेयस. वेडीच मी. मग तू मला सगळं दाखवलंस, कोणाचा वर्ग कधी, क्लच कधी जळका वास मारतो, बाबांच्या गोळ्या कुठल्या डब्यात. एखाद्या नवीन नोकराला दाखवावं तसं. जाताना दारात म्हणालीस, "तू सहा महिन्यांसाठी गेली होतीस, ताई. मीही तेवढ्यासाठीच चाललेय." एवढंच. रडली असतीस तर मलाही काहीतरी करता आलं असतं.

मला रडू आलं नाही. आनंदही झाला नाही. इतकी वर्षं तिथे परदेशात हॉटेलांच्या चादरी-टॉवेलांची व्हॅन चालवताना मी रोज ठरवायचे की घरी गेल्यावर आधी हे करीन, मग ते करीन. आता घरी आहे आणि हॉटेलच्या खोलीत बसल्यासारखी बसलेय, कोणीतरी चादर बदलायला येईल म्हणून.

बाबा ठणठणीत आहेत, उजवा पाय सोडून. त्या पायाला काही कळतच नाही. काल अंगणात चप्पल निसटली तर तसेच चार पावलं पुढे गेले, मग मागे वळून म्हणाले, "ही कोणाची पडली?" मी हसले. मग ते हसले. बराच वेळ दोघंही हसत होतो आणि मला आतून काहीच वाटत नव्हतं.

आपली ड्रायव्हिंगची शाळा चालू आहे. बाबा सकाळी काड्यापेट्यांच्या गाड्या करून टेबलावर फिरवतात, चिन्हं शिकवतात. मी गाडीत शिकाऊंच्या शेजारी बसते. तुझ्या सीटवर. तिथेच सगळा घोळ आहे. तिकडे परदेशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणजे इतकी वर्षं मी डाव्या सीटवर बसून गाडी चालवली. इथे त्याच सीटवर बसते तर समोर स्टिअरिंगच नाही! पायाखाली ब्रेक आहे, क्लच आहे, आणि हातांना काही काम नाही. हात आपोआप वर येतात आणि हवेत राहतात. शिकाऊ मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही घाबरता का?"

आणि मी स्वतः चालवायला बसले की वळताना वायपर चालू होतात. इंडिकेटरचा दांडा दुसऱ्या हाताला ना. कोरड्या काचेवर करकर करकर. पानवाला आता मला बघून हाताने वायपर करून दाखवतो.

कधी येतेस?

ताई

१७ नोव्हेंबर

बारके,

उत्तर नाही. बरं.

माझ्या जुन्या खोलीत टायर आहेत हे तू सांगितलं नव्हतंस. टायर, दोन बॅटऱ्या आणि छतावर लावायचा शाळेचा जुना फलक. तुझ्या खोलीत झोपते. तुझ्या उशीला तेलाचा वास येतो. उशीचा अभ्रा बदलायचा राहूनच जातोय.

येणारा-जाणारा एकच विचारतो, "कायमची आलीस का?" शेजारच्या मावशी तर दारात उभं करून विचारतात, जणू मी घरभाडं चुकवून आत शिरतेय. मी म्हणते, "बघू." त्यावर मावशी म्हणाल्या, "बघू काय, एवढी मोठी झालीस." आता ह्यात मोठं होण्याचा काय संबंध? पण मला राग आला नाही. मी त्यांच्या दारातल्या पायपुसण्याकडे बघत राहिले. ते आधी हिरवं होतं.

तुझ्या ब्रेकबाई माझ्याकडे आल्या आहेत. हे नाव तू ठेवलंस की बाबांनी? बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्या, आणि आता नवऱ्याची गाडी चालवायला शिकतायत, कारण नवऱ्याने आयुष्यभर तिला हात लावू दिला नाही आणि आता त्याचे गुडघे गेले. "हे खिडकीतून बघतात हो मला," म्हणतात. "बघू देत. मी काच वर करून घेते." तीनदा परीक्षेत नापास झाल्या, तीनही वेळा जास्त ब्रेक मारल्यामुळे. कुत्रं दिसलं ब्रेक, पान उडालं ब्रेक, समोर काही नाही म्हणून ब्रेक. माझी मान दुखायला लागलीय. वर प्रत्येक सूचनेला "हो, जोडते" म्हणतात. "बाई, तिसरा गिअर." "हो, जोडते." पहिल्या दिवशी मला कळेना कोणाला फोन लावतायत.

परवा त्यांच्याबरोबर पंपावर थोडी गंमत झाली. एका टँकरवाल्याने उगाच मोठा हॉर्न मारला. बाईंनी सवयीने ब्रेक मारला. बाकी ठीक.

बाबा विचारत होते, तुला थंडीचं काही पाठवायचं का. मी म्हटलं, ती घेऊन गेलीय सगळं. ते म्हणाले, "करड्या रंगाचा स्वेटर राहिलाय." कपाट उघडलं तर खरंच राहिलाय. ह्या माणसाला स्वतःची चप्पल निसटलेली कळत नाही आणि तुझा स्वेटर राहिलेला कळतो.

कधी येतेस, सांग. नुसती तारीख लिहिलीस तरी चालेल.

ताई

२ डिसेंबर

बारके,

आज सरळ विषयावर येते.

माझा तिथला गाडीचा परवाना पंधरा जानेवारीला संपतो. नूतनीकरण स्वतः जाऊन करावं लागतं, दुसऱ्याच्या हातून होत नाही. तारीख गेली की मी त्यांच्या लेखी नवी शिकाऊ. पुन्हा परीक्षा, पुन्हा लेखी पेपर, पुन्हा त्या टक्कल पडलेल्या परीक्षकाशेजारी बसणं. आणि परवाना नसला तर व्हॅन नाही. मालकाने जागा राखून ठेवलीय. "जानेवारीत ये," म्हणाला, "नाहीतर मला माणूस बघावा लागेल." बरा माणूस आहे. व्हॅनच्या खणात मी ठेवलेला कंगवासुद्धा तसाच ठेवलाय म्हणतो.

तर माझं म्हणणं एवढंच, की तू तीन आठवडे येऊन जा. फक्त तेवढेच दिवस. बाबांना एकटं ठेवता येत नाही, शाळा बंद ठेवली तर शिकाऊ पलीकडच्या शाळेत जातील, मग परत येत नाहीत. मी जाते, परवान्याचं काम उरकते आणि येते.

येते म्हणजे, बघू.

मला जायचंय की नाही हे मला माहीत नाही, हे तुला सांगायला हरकत नाही, नाहीतरी तू वाचून गप्पच बसणार. तिथे होते तेव्हा मला इथलं काय आठवायचं, माहीत आहे? बाथरूमचा नळ. उलटा फिरवला की पाणी येतं तो. आता मी रोज तो उलटा फिरवते आणि मला तिथली व्हॅन आठवते. पहाटेचा रस्ता, मागे गरम टॉवेलांचा वास, कोणी ओळखीचं नाही, कोणी "कायमची का?" विचारत नाही. दोन्हीकडचं सारखंच आठवतं आणि कुठलंच ओढत नाही. बाबांच्या पायासारखं झालंय माझं.

हो, एक नवीन खूळ. बाबा आता रोज सकाळी गाडीत मागे येऊन बसतात. गळ्याला मफलर गुंडाळून. म्हणे, "जरा हवा खातो." काचा बंद असतात आणि हे हवा खातात. ब्रेकबाईंना तर फार आनंद झालाय, दोघं आरशातून एकमेकांना नमस्कार करतात. मी सूचना दिली की मागून घसा खाकरल्याचा आवाज येतो. माझं डोकं उठतं.

तीन आठवडे. कधी येतेस?

ताई

९ डिसेंबर

तुझा हा ढिम्मपणा मला आता पुरे झाला.

मी काय मागितलं? जन्माची चाकरी मागितली का? तीन आठवडे मागितले. "जमणार नाही" एवढं लिहायला तुझ्या बोटांना काय झालंय? काम आहे म्हण, सुट्टी नाही म्हण, तुझं तोंड बघायचं नाही म्हण. काहीतरी म्हण. भिंतीला बोललं तरी आवाज परत येतो.

आणि लपवून तरी काय करायचंय. पंपावर गंमत झाली नव्हती. पेट्रोल भरलं, बाहेर पडताना उजवीकडे वळायचं होतं. म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरायची. हे शाळेतलं पोरही सांगेल. मी डावीकडे बघितलं, रस्ता मोकळा दिसला, आणि मी बाईंना म्हटलं, "वळा, आणि हीच कडा धरून चला." त्या म्हणाल्या, "पलीकडे जायचं ना?" मी म्हटलं, "नाही हो, हीच कडा. चला, चला." रागावून म्हटलं. माझ्या डोक्यात तिथला रस्ता होता, अगदी स्वच्छ, पट्ट्यांसकट.

बाई हलल्या नाहीत. पंपाच्या तोंडाशीच ब्रेक दाबून बसल्या. आणि उजवीकडून, त्याच कडेने, टँकर आला. हॉर्न वाजवत नाकासमोरून गेला. गाडी हलली त्याच्या वाऱ्याने.

माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. माझा पाय त्यावर नव्हताच.

बाईंचं तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "चला, आता घ्या पलीकडे." अगदी शांतपणे. घरी आले, जेवले, दुपारचे दोन वर्ग घेतले. हेच मला जास्त भीतीदायक वाटतं. भीती वाटायला हवी होती, आणि ती कुठे आलीच नाही.

बाबांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. म्हणजे, तू कुठे कोणाशी बोलतेस म्हणा.

ताई

२२ डिसेंबर

बारके,

तू बोलतेस. सगळ्यांशी बोलतेस. फक्त माझ्याशी नाही.

काल ब्रेकबाईंना घरी सोडायला गेले. त्यांचे हे खिडकीत होतेच. बाई आत चहा घेऊन जा म्हणाल्या. चहा पितापिता फोन वाजला, आणि बाईंनी उचलून खात्यातल्या आवाजात म्हटलं, "बोला धाकट्या ताई." मग माझ्याकडे बघितलं. मग फोनवर हात ठेवला. इतकी वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईला त्या क्षणी काय करावं सुचेना. मी कप ठेवला आणि बाहेर आले. तू त्यांना नंतर काय विचारलंस माहीत नाही. मी गेटपाशी उभी होते, त्या येईपर्यंत.

त्यांनी सगळं सांगितलं. आधी आढेवेढे घेतले, मग बांध फुटला. तू दर रविवारी फोन करतेस, आधी बाबांना, मग त्यांना. मी आले त्याच आठवड्यात तू त्यांना सांगितलं होतंस, "ताई तिकडून आलीय. तिची बाजू चुकेल. चुकेलच. शेजारून तिची काहीही सूचना आली तरी ब्रेक तुमच्या पायाखाली आहे, तो सोडू नका." आणि त्यांनी तो सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी जास्त ब्रेक मारा म्हणालं, ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं होतं म्हणे.

पंपाचंही त्यांनी त्याच रविवारी तुला सांगितलं. मी तुला "थोडी गंमत झाली" म्हणून लिहिलं तेव्हा तुला आधीच सगळं माहीत होतं. वाचून हसलीस का? हसली असतीस तर बरं.

घरी आले. बाबा काड्यापेट्या मांडत होते. मी म्हटलं, "हवा खायला का येता हो तुम्ही मागे?" त्यांनी एक काडीपेटी नीट लावली, दुसरी तिच्या शेजारी लावली, आणि म्हणाले, "शिकाऊला एकटं सोडत नाहीत. नियम आहे."

म्हणजे तुम्ही तिघांनी मिळून मला शिकाऊ ठरवलंत आणि मलाच पत्ता नाही! मी म्हटलं, "तुमच्या पायाने तिथून काय करणार होतात? मागे ब्रेकही नाही." तर म्हणाले, "ओरडलो असतो. घसा शाबूत आहे."

मी भांडायला उभी होते. खरंच होते. मग विचारलं, "ती तुमच्याशी बोलते, त्या बाईंशी बोलते. माझ्या पत्राला उत्तर द्यायला काय होतं तिला?"

बाबांनी सगळ्या काड्यापेट्या एका रांगेत लावल्या. मग म्हणाले, "तू प्रत्येक पत्रात विचारतेस ना, कधी येतेस म्हणून. ती म्हणते, बाबा, मी उत्तर लिहायला बसले तर मला तारीख लिहावी लागेल. आणि तारीख लिहिली की मी येईन. मग मला परत निघता येणार नाही." आणि मग म्हणाले, "तिला तिथे बरं वाटतंय ग. सकाळी उशिरा उठते म्हणाली."

सकाळी उशिरा उठते. तू. पहिल्या वर्गासाठी अंधारात गाडी पुसायचीस, आणि त्याआधी तर तुला शाळेसाठी उठवायला मी तोंडावर ओला हात फिरवायचे. हे ऐकून मी तुझ्या खोलीत जाऊन बसले. ह्यावेळी काहीतरी वाटलं असावं. नाव सांगता येत नाही, पण वाटलं. उशीचा अभ्रा बदलला.

आज प्रश्न विचारत नाही. सवयीने लिहायला गेले होते, खोडलं. वरती डाग दिसेल तो तोच आहे.

ताई

१६ जानेवारी

बारके,

करडा स्वेटर ह्याच पाकिटातून पाठवतेय. बाबांनी कोपराला रफू करून घेतलाय, कोणाकडून ते विचारू नकोस, इथेच कुठेतरी पडला होता म्हणतील.

परवान्याची तारीख काल संपली. मी गेले नाही. मोठा निर्णयबिर्णय घेतला असं समजू नकोस, मीही समजत नाही. तिकीट बघून ठेवलं होतं, मालकाला फोन करायचा होता, रोज उद्यावर ढकललं. मग ब्रेकबाईंच्या परीक्षेची तारीख लागली, ती नेमकी कालचीच. मैदानावर त्यांच्याबरोबर जायला कोणीतरी हवंच होतं. त्या म्हणाल्या, "मोठ्या ताई, तुम्ही असलात की मला धीर येतो." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला मी मारलं असतं." "हो ना," म्हणाल्या, "आता अजून काय वाईट होणार?"

आठचा आकडा त्यांनी सुरेख काढला. उलटी गाडी दोन खांबांच्या मधे लावली, खांबाला स्पर्शही नाही. बाबा कुंपणापाशी उभे राहून मफलरच्या आतून काहीतरी पुटपुटत होते. मग चढ. चढावर थांबायचं, हँडब्रेक सोडायचा आणि गाडी मागे न जाऊ देता काढायची. बाई थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. परीक्षक म्हणाला, "काढा." बाई म्हणाल्या, "हो, जोडते," आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसल्या. मागे तीन गाड्यांची रांग लागली. शेवटी परीक्षकाने दार उघडून उतरून लिहिलं, नापास. चौथ्यांदा.

आणि मला बरं वाटलं. खरं सांगते. बाई नाक पुसत होत्या, बाबा तोंड वाकडं करून उभे होते, आणि मला एकदम बरं वाटलं. आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी नीट वाटलं आणि ते हे! मी मोठ्याने हसले. बाईंनी आधी रागाने बघितलं, मग त्याही हसायला लागल्या. पुढची तारीख महिन्याने मिळेल. म्हणजे महिनाभर तरी मला कुठे हलता येणार नाही. चढ शिकवायचाय.

परत येताना गाडी मी चालवली. बाबा तुझ्या सीटवर बसले. वळणावर इंडिकेटर लागला, वायपर नाही. बाबांनी बघितलं. पंपाच्या तोंडाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला. त्या पायाला काही कळत नाही, तरी ठेवला होता. मी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, आणि अर्धा रस्ता ओलांडून आपल्या बाजूला आले.

मालकाला आज सकाळी फोन केला. म्हटलं, माणूस बघा. तो म्हणाला, कंगवा पाठवू का? मी नको म्हटलं. फोन ठेवल्यावर थोडं वाईट वाटलं, तेवढ्यात पहिली शिकाऊ आली आणि तिने गाडी अंगणातच बंद पाडली.

मला इथे आवडायला लागलंय असं लिहिणार नाही, तुला खोटं कळतं. मावशी अजून विचारतात. मी अजून गाडीच्या चुकीच्या दारापाशी जाते. पण मी आहे इथे. बाबांच्या गोळ्या, क्लच, पहिला वर्ग, सगळ्याला मी आहे. तू झोप सकाळी, हवं तेवढी. मागच्या दाराची किल्ली ठेव तुझ्याकडेच, चुकून नेलेली नाहीस हे मला कळलंय. खुर्ची मी काढलीय, दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. बाहेरून आलीस तर वाजव, उघडेन.

आता उत्तर दे. मी विचारणार नाही.

ताई